स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी एवढं बघाच : पाण्याच्या बादल्या, सळईचं अंतर आणि गॅलरीची वरची जाळी

अक्षय तृतीयेपासून मृगाच्या पावसापर्यंत औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांत गावोगाव स्लॅब टाकले जातात. आयुष्यभराची जमापुंजी, कुणाचा घरकुलाचा हप्ता, कुणाचं पतसंस्थेचं कर्ज, असं सगळं त्या एका दिवसावर लागलेलं असतं. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, दुपारपर्यंत काम उरकतं आणि मजुरांना जेवण देऊन घरमालक मोकळा होतो. स्लॅब किती वर्षं टिकणार हे मात्र त्याआधीच बऱ्यापैकी ठरून गेलेलं असतं.

गावाकडच्या बांधकामात इंजिनिअर असतो, नाही असं नाही. पण तो नकाशा देतो, पायाच्या वेळी एक चक्कर मारतो आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सर फिरायला लागल्यावर येतो. तोवर चाळीस-पन्नास मजूर उभे असतात, मिक्सरचं भाडं चालू झालेलं असतं, ऊन वाढत असतं. त्या वेळी दोन ठिकाणी कव्हर नाही, गॅलरीची जाळी खाली बसलीय, असं दिसलं तरी 'आता थांबवा' म्हणायची हिंमत कोणात नसते. म्हणून सळईची तपासणी आदल्या दिवशी, उजेड असेपर्यंत व्हायला हवी. तेव्हा सापडलेली चूक फिटर पक्कड आणि बाइंडिंग तार घेऊन तासाभरात दुरुस्त करतो. काँक्रीटखाली गेलेली चूक दुरुस्त होत नाही.

या भागात हे सांगायला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी छतावरचे मातीचे थर अंगावर आल्यामुळे. तेव्हापासून 'स्लॅबचं घर म्हणजे मजबूत घर' हे डोक्यात पक्कं बसलं. ते अर्धंच खरं आहे. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, पण दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्याच इमारती कोसळल्या. स्लॅबही जडच असतो. त्याला धरून ठेवणारी सळई नीट नसेल तर तोही भिंतीसारखाच खाली येतो.

सळई आली, आधी वजन करा

बारा मीटरच्या एका सळईचं वजन ठरलेलं असतं. ८ मिमीची सळई सुमारे ४.७४ किलो, १० मिमीची ७.४० किलो, १२ मिमीची १०.६६ किलो आणि १६ मिमीची १८.९६ किलो. आयएस १७८६ हे सळईचं भारतीय मानक आहे. त्यात १० मिमीपर्यंतच्या सळईला साधारण ७ टक्के आणि १२ व १६ मिमीला ५ टक्के कमी-जास्त चालतं. ८ मिमीची सळई ४.४ किलोच्याही खाली येत असेल तर दुकानदाराला विचारायलाच हवं. सळई नगावर घेतली असेल तर हे जास्तच बघावं, कारण मग हलक्या मालात घरमालकाला मोजायला आठ मिळते आणि ताकद त्याहून कमीची. धान्य मोजायचा काटा प्रत्येक गावात आहे. चार-पाच सळयांची मोळी बांधून वजन केलं तरी पुरतं.

हातावर तांबूस रंग येण्याइतका गंज असला तरी चालतो. पापुद्रे निघत असतील तर तारेच्या ब्रशने घासून घ्यावं, आणि घासल्यावर सळई बारीक दिसत असेल तर बाजूला ठेवावी. वाकलेली सळई तापवून सरळ करू देऊ नये.

कव्हर : खडीचा तुकडा चालत नाही

सळई आणि काँक्रीटच्या बाहेरच्या बाजूमधलं अंतर म्हणजे कव्हर. स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिमी हे नेहमीच्या घराला धरलं जातं. बोटाच्या एका पेराएवढी ही जागा. पण सळई हवेपासून आणि ओलीपासून वाचते ती तेवढ्यानेच. सेंट्रिंगच्या प्लेटला सळई टेकली की काही वर्षांत छताला खालून तांबूस रेघा दिसायला लागतात. गंजलेलं लोखंड फुगतं, खालचा थर फोडतं आणि एक दिवस पोपडा झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. जुन्या शाळांच्या, समाजमंदिरांच्या छतांना उघड्या पडलेल्या सळया सगळ्यांनी पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी मूळ कारण हेच, आणि वरून गळती.

कव्हरसाठी सिमेंटचे ठोकळे वापरावेत. ते आठ-दहा दिवस आधी पाडून पाण्यात ठेवलेले असावेत. फिटर घाईत खडीचे तुकडे किंवा फरशीची कपची सरकवतो. मजुराचा पाय पडला की ते निसटतात आणि सळई प्लेटवर बसते. ठोकळे साधारण तीन-तीन फुटांवर, तारेने बांधलेले हवेत. बीमच्या खालीच नाही, बाजूलाही.

गॅलरीची सळई वर असते, खाली नाही

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे.

खोलीवरचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. वजन आलं की तो मधोमध खाली वाकू बघतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून मुख्य सळई खाली. गॅलरी, सज्जा किंवा जिन्यावरचं छत एकाच बाजूने धरलेलं असतं, दुसरी बाजू हवेत. तिथे उलटं होतं : वरची बाजू ताणली जाते आणि चीर पडली तर ती वरून, भिंतीजवळ पडते. म्हणून गॅलरीची मुख्य सळई वर. मिस्त्रीला हे माहीत असतं आणि आदल्या दिवशी सळई वर बांधलेलीही असते. घोटाळा दुसऱ्या दिवशी होतो. घमेली घेऊन पळणारे मजूर त्याच जाळीवरून जातात, जाळी दबत दबत खाली बसते, वरून काँक्रीट पडतं आणि कोणाला काही दिसत नाही.

याचा हिशेब साधा आहे. पाच इंच जाडीच्या गॅलरीत वरून २० मिमी कव्हर सोडलं तर सळई खालच्या तळापासून साधारण चार इंचांवर असते. ती पायाखाली दोन इंच दबली की हे अंतर निम्मं झालं, आणि गॅलरीची ताकदही जवळजवळ निम्मी झाली. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, पैसे तेवढेच. म्हणूनच टेकू काढतानाच गॅलरी खाली आली, असं घडतं. कधी लगेच पडत नाही; पुढे लग्नकार्यात पंचवीस माणसं वरात बघायला एकदम उभी राहतात तेव्हा पडते.

त्यावर उपाय स्वस्त आहे. उरलेल्या सळईच्या तुकड्यांना वाकवून खुर्च्या करायच्या आणि वरच्या जाळीखाली अडीच-तीन फुटांवर बांधायच्या. मजुरांना चालायला फळ्या टाकायच्या, त्या जाळीवर न टेकवता विटांवर टेकवायच्या. आणि गॅलरी भरताना एक फिटर पक्कड घेऊन तिथेच उभा राहील, हे ठेकेदाराकडून आधी कबूल करून घ्यायचं. गॅलरी जितकी बाहेर आहे, त्याच्या किमान दीडपट लांबीची सळई आतल्या स्लॅबमध्ये गेलेली असावी, हा चालत आलेला ठोकताळा आहे. तीन फूट बाहेर असेल तर आत साडेचार फूट. आत नुसती वीतभर सळई सोडलेली दिसली तर काम थांबवावं.

खोलीच्या स्लॅबलाही बीमजवळ वर सळई असते, क्रँक करून वर घेतलेली किंवा वेगळी टाकलेली. तिलाही खुर्च्या लागतात. लाईटच्या पाइपांची मोळी एकाच ठिकाणी सळईखाली दाबून बसवलेली असेल तर ते पाइप पसरून घ्यावेत. हे काम इलेक्ट्रिशियन रात्री उशिरा येऊन करतो, म्हणून सकाळी एकदा परत नजर टाकावी.

जोड आणि रिंगा

दोन सळया जिथे एकमेकींवर चढतात तो लॅप. एम-२० काँक्रीट आणि ५०० ग्रेडची सळई असेल तर ताणात असलेल्या सळईला लॅप साधारण व्यासाच्या ५७ पट लागतो. म्हणजे ८ मिमीला दीड फूट, १२ मिमीला सव्वादोन फूट, १६ मिमीला तीन फूट. सगळे जोड एकाच रेषेत नकोत. बीमच्या खालच्या सळईचा जोड मधोमध नको आणि वरच्या सळईचा जोड कॉलमजवळ नको, कारण सळईवर सगळ्यात जास्त ताण त्या-त्या जागी असतो. गावाकडे हा नियम फारसा कोणी पाळत नाही. सळई जिथे संपली तिथे जोड मारायचा, असंच चालतं.

रिंगांबद्दल किल्लारीच्या परिसरात तरी तडजोड करू नये. १९९३ च्या आधी हा भाग नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो विभाग तीनमध्ये घेतला गेला. भूकंपात कॉलमचं वरचं-खालचं टोक आधी फुटतं. बाहेरचं कव्हर गळून पडतं आणि आतलं काँक्रीट रिंगेच्या मिठीत राहिलं तरच कॉलम उभा राहतो. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवलेलं असेल तर कव्हर गळताच ती उघडते. म्हणून टोक १३५ अंशात, म्हणजे आत काँक्रीटच्या पोटात जाईल असं वाकवलेलं हवं, आणि वाकवल्यावर पुढे किमान ६५ मिमी सरळ शेपूट राहायला हवी. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दीड फुटात रिंगा चार इंचांपेक्षा लांब नकोत. कॉलम बारीक किंवा सळई बारीक असेल तर त्याहूनही जवळ. मध्ये अंतर वाढवता येतं. फिटर रिंगा किलोवर किंवा नगावर करतो, त्यामुळे शेपूट आखूड ठेवली की त्याचा वेळ वाचतो. पन्नास रिंगांमागे वाचतं ते फार तर दोन-तीन किलो लोखंड.

नऊ इंची कॉलमचाही प्रश्न आहे. भूकंपाच्या दृष्टीने सळईचे नियम सांगणारं आयएस १३९२० मानक २०१६ मध्ये सुधारलं गेलं. त्यात कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी, म्हणजे एक फूट सांगितली आहे. भिंतीत कॉलम दिसू नये म्हणून नऊ इंच धरायची पद्धत अजून सुटलेली नाही. पुढे वर मजला घ्यायचा विचार असेल तर हे पायाच्या वेळीच इंजिनिअरशी बोलून घ्यावं.

सगळं बांधून झालं की टेप लावून मोबाइलवर फोटो काढावेत : गॅलरीची जाळी, कॉलमच्या रिंगा, लॅप, कव्हर. घरकुलाच्या हप्त्यासाठी काढलेला फोटो काम कुठवर आलं ते दाखवतो, आत काय आहे ते दाखवत नाही. इंजिनिअर गावात येऊ शकत नसेल तर हे फोटो त्याला संध्याकाळीच पाठवता येतात. पुढे कधी भिंत फोडायची किंवा वर मजला चढवायचा झाला तरी हेच फोटो कामी येतात.

मिक्सरपाशी उभं राहायचं ते पाणी मोजायला

घराच्या स्लॅबला एम-२० हे कमीत कमी काँक्रीट. वजनावर मिक्स डिझाइन केलेलं नसेल तर एक, दीड, तीन या मापाने ते करतात : एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. सिमेंटची ५० किलोची गोणी मापाने सुमारे ३५ लिटर भरते. घमेली लहान-मोठी असतात, म्हणून १५ लिटरची बादली घेतलेली बरी. एका गोणीला साडेतीन बादल्या वाळू, सात बादल्या खडी आणि पाणी दोन बादल्यांच्या आत.

पाण्याचं कोष्टक नीट समजून घ्यावं. आयएस ४५६ मध्ये एम-२० च्या मापी मिश्रणाला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलं आहे. टिकाऊपणाच्या हिशेबाने तेच मानक पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीत ठेवायला सांगतं, म्हणजे साडेसत्तावीस लिटर. त्यातही वाळू ओली असेल तर तिच्यातच तीन-चार लिटर पाणी असतं. मग वरून घालायचं पाणी चोवीस-पंचवीस लिटरच उरलं. ओली वाळू फुगते हेही लक्षात ठेवावं. तिची साडेतीन बादली म्हणजे कोरडी तीनच्या आसपास, त्यामुळे अर्धी बादली वाढवावी लागते.

साइटवर पाणी मोजतं कोण? मिक्सरवाला पाइपच धरतो. पातळ माल लवकर पसरतो, मजुरांना ओढायला सोपा जातो, म्हणून सगळ्यांनाच पाणी जास्त हवं असतं. पण सिमेंटला घट्ट होण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या पाव भागाएवढं, म्हणजे गोणीला बारा-तेरा लिटरच पाणी लागतं. बाकीचं काम करता यावं म्हणून असतं. ते उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात. जास्त पाणी म्हणजे जास्त पोकळ्या, कमी ताकद, वर तडे आणि पुढे गळती. स्लॅब गळतो म्हणून वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती गळती मिक्सरपाशीच विकत घेतलेली असते. मिक्सरच्या शेजारी पिंप आणि खूण केलेली बादली ठेवावी, पाइप थेट मिक्सरमध्ये जाऊ देऊ नये. तिथे घरातलंच, ठाम बोलणारं माणूस उभं करावं. आज्जी असली तरी चालते.

पाणी पिण्याजोगं असावं. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर आधी तपासून घ्यावं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. क्रश सँडमध्ये धूळ किती आहे तेही बघावं. मूठभर हातात चोळली आणि पिठासारखा थर चिकटला तर ती जास्त पाणी पिणार.

रिकाम्या गोण्या मोजणं हा घरमालकाच्या हातातला पक्का पुरावा आहे. ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ७ घनमीटर काँक्रीट. एम-२० ला घनमीटरमागे आठ गोण्या धरल्या तर ५५ ते ५७ गोण्या झाल्या, बीमचं वेगळं. काम चाळीस-पंचेचाळीसातच उरकलं तर 'सिमेंट वाचलं' म्हणून खूश होऊ नये.

पहाटे लवकर सुरुवात करावी. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात खडी आणि प्लेटा तापलेल्या असतात. मानकाप्रमाणे टाकताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जायला नको, म्हणून आदल्या रात्री खडीवर पाणी शिंपडावं, प्लेटा ओल्या कराव्यात. मिक्सरमधून निघालेला माल अर्ध्या तासात जागेवर बसला पाहिजे. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत हलवणं बंद करावं. व्हायब्रेटरची सुई एका जागी बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा सेकंद; सुईने माल ढकलत न्यायचा नसतो. बीम आणि कॉलमच्या सांध्यात सळईची गर्दी असते, तिथे हात आखडता घेऊ नये. वीज गेली, मिक्सर बिघडला आणि थांबावंच लागलं तर स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात उभी फळी लावून थांबावं. पातळ उतार करून अर्धवट सोडलेला माल पुढे त्याच रेषेत गळतो.

ठेकेदार तयार असेल तर १५ सेंटिमीटरचे तीन क्यूब भरून घ्यावेत. जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते २८ दिवसांनी दाबून बघतात. एम-२० चा क्यूब सुमारे ४५ टन भार घेऊन मग फुटतो. नुसते साचे साइटवर आलेले दिसले तरी मिक्सरवाल्याचा हात पाण्याच्या बाबतीत आवरतो.

नंतरचे पंधरा दिवस

सध्या बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी असतं. गोणीवर लिहिलेलं असतं. त्याला किमान १० दिवस पाणी, आणि इथल्या कोरड्या उन्हात १४ दिवस. संध्याकाळी मालाचा वरचा ओलसर चकाकीपणा गेला की ओल्या गोणपाटाने झाकावं, दुसऱ्या दिवशी मातीचे किंवा सिमेंटचे वाफे करून पाणी साठवावं. दिवसातून दोनदा पाइपने शिंपडलं की झालं, असं नाही. मधल्या चार तासांत स्लॅब कोरडा ठक्क पडतो. टँकर परवडत नसेल तर गोणपाट ओलं ठेवायला पाणी बरंच कमी लागतं. कॉलमला पाणी मारायचं सगळेच विसरतात, त्यांना गोणपाट गुंडाळावं.

टेकू काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, कारण प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या, म्हणजे पंधरा फुटांच्या आतल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्यापेक्षा मोठ्याचे १४ दिवस. वीस फुटांपर्यंतच्या बीमचे १४ दिवस आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत. पीपीसी हळू ताकद धरतं, तेव्हा त्याला चार-आठ दिवस आणखी द्यावेत. किती दिवस टेकू राहणार हे भाडं ठरवतानाच लिहून घ्यावं. कच्च्या स्लॅबवर वरच्या भिंतीच्या विटांची थप्पी लावू नये.

खोलीचे टेकू मधून काढायला सुरुवात करून भिंतीकडे यायचं. गॅलरीचे बाहेरच्या टोकाकडून काढत आत यायचं, सगळ्यात शेवटी. आतल्या स्लॅबचं वजन आणि वरची भिंतच गॅलरीला मागून धरून ठेवते, त्यामुळे वर कठडा चढवायचा असेल तर तो गॅलरीचे टेकू काढायच्या आधी घाईने उभा करू नये, आणि टेकू काढताना गॅलरीखाली कोणालाही उभं राहू देऊ नये.